वीसावर नऊ

नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही धारवाड सोडून कोल्हापुरात, मंगळवार पेठेत राहायला आलो, तेव्हा माझ्या ट्रंकेच्या तळाशी पदर अर्धवट भरलेली एक इरकली साडी होती. आईने शिकवलेली कसुती मी त्या पदरावर भरत होते. कसुतीत कापडावर आधी काही छापत नाहीत की रेखाटत नाहीत. उभे-आडवे धागे मोजतच गोपूर, रथ, हत्ती आणि तुळशीवृंदावन उभे करायचे असते, आणि दोऱ्याला गाठ मारायची नसते. एक धागा चुकला तरी पुढची सगळी ओळ सरकते.

आमच्या घरात उजेड बेताचा, म्हणून दुपारी मी दाराच्या पायरीवर बसत असे. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई त्याच वेळी जुनी लुगडी एकावर एक अंथरून वाकळ शिवायला घेत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे. कन्नडमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे मराठीचा गंध नसतानाही त्यांना हाक मारणे मला पहिल्या दिवसापासून जमले.

एकदा त्यांनी माझा पदर हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. गवंतीच्या टाक्यात सुई एक घर सोडत पुढे जाते आणि परतताना सुटलेली घरे भरत येते, म्हणून नक्षी दोन्ही अंगांनी सारखीच उमटते. अक्कांनी त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "अगं, ह्यो तर धावदोराच की! जाऊन परत आलाय निस्ता." मला त्यातले काहीच कळले नाही, तेव्हा त्यांनी वाकळ माझ्या मांडीवर ओढून आपला टाका दाखवला. मुरगी, नेगी, मेंथी हे बाकीचे टाकेही मग त्यांनी एकेक करून विचारून घेतले.

पुढे मी भरायचे आणि धागे त्या मोजायच्या, असा रिवाज पडला. एका दुपारी त्यांनी "एकोणतीस" म्हटले. कन्नडमध्ये एकोणतीसला इप्पत्तोंबत्तु, म्हणजे वीस आणि नऊ, असे सरळ म्हणतात. एकाने उणे करून सांगायची मराठी रीत मला ठाऊक नव्हती. तीस ऐकू आले आणि एकोण म्हणजे नऊ असे वाटले, म्हणून मी तिसावर नऊ धरले आणि हत्ती दहा धागे पुढे सरकला. चूक ध्यानात आली तेव्हा सोंड भरून झाली होती. मला रडू आले. अक्कांनी चष्मा पुसला, पदर गुडघ्यावर ताणला आणि दिवेलागणीपर्यंत सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून, दोरा कुठेही न तोडता, सगळा हत्ती उसवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी मोजणीच बदलली. "दहावर नऊ," "वीसावर नऊ." साठ-सत्तर वर्षे जिभेवर बसलेले अंक परक्या मुलुखातून आलेल्या पोरीसाठी बाजूला ठेवायचे, ही गोष्ट मला कुठल्याही पाहुणचारापेक्षा मोठी वाटते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्याही मला त्यांच्याकडून पुष्कळ मिळाल्या आहेत.

या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. गेल्या महिन्यात अक्कांनी नव्या वाकळेचा एक कोपरा मोकळा ठेवून माझ्यापुढे सरकवला, तिथे हत्ती हवा म्हणून. एकोणतीस, एकोणचाळीस मला केव्हाच पाठ झाले आहेत. पायरीवर बसून त्या अजूनही "वीसावर नऊ" म्हणतात आणि मी सुई खुपसते.