पंख्याला मार लागलेली बोट विकताना: माझा अनुभव

जुनी बोट बघायला आलेला माणूस बोटीभोवती एक चक्कर मारतो, सीटवर हात फिरवतो आणि मग मागे जाऊन पंख्यासमोर, म्हणजे प्रोपेलरसमोर, उकिडवा बसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. फायबरला पॉलिश मारता येतं, गाद्या नव्या शिवता येतात, पण बोट कुठं कुठं आपटली याचा हिशेब पंख्याच्या कडांवर राहतो. माझ्या बोटीच्या मागे ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून टांगलेलं इंजिन, होतं आणि पंखा तीन पात्यांचा, ॲल्युमिनियमचा. एका पात्याचं टोक मुडपलेलं, दुसऱ्याच्या कडेला नखाएवढा तुकडा उडालेला. खाली स्केगचा, म्हणजे गिअरकेसच्या तळाशी असलेल्या परासारख्या भागाचा, रंग खरवडून धातू दिसत होता. आदल्या मोसमात पाण्याखालचा एक ओंडका लागला होता. त्यानंतर बोट चालत होती, फक्त मधल्या वेगाला स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवायची.

जाहिरातीत हे लिहायचं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. भावाचं म्हणणं सरळ होतं: नवा पंखा बसव, स्केगला रंग लाव आणि गप्प राहा. मला ते पटेना, आणि त्यात केवळ प्रामाणिकपणाचा भाग नव्हता. जुन्या, उन्हानं विटलेल्या इंजिनावर एकच भाग कोरा करकरीत दिसला की जाणता माणूस पहिला प्रश्न विचारतो, "जुना कुठंय?" दुसरी बाजू अशी की 'पंख्याला बहुधा मार लागलाय' एवढंच लिहिलं तर समोरचा मनातल्या मनात अख्खा गिअरबॉक्स गेल्याचे पैसे वजा करतो. पंखा ही सुटी वस्तू, तासाभरात बदलता येते. भीती असते ती त्याच्या मागे जे आहे त्याची: शाफ्ट, सील, गिअर. म्हणून विकण्याआधी नुकसान नेमकं कुठवर गेलंय ते आपणच शोधायचं असं ठरवलं.

पंख्याला हात लावण्याआधी किल्ली काढली, इंजिन बंद पाडणाऱ्या किल स्विचची दोरी काढली आणि स्पार्क प्लगच्या टोप्याही उपसून ठेवल्या. इंजिन गिअरमध्ये असताना पंखा हातानं फिरवला तर क्रँकही फिरतो, आणि अशा वेळी इंजिननं एक उचकी दिली तरी बोटं जातात. मग पात्याच्या आणि वरच्या आडव्या प्लेटच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला, नट सुटू नये म्हणून घातलेली कॉटर पिन सरळ करून काढली आणि नट सोडवला. पंखा बाहेर आला. त्याच्यामागचा थ्रस्ट वॉशर कुठल्या बाजूनं बसला होता त्याचा फोटो काढून ठेवला. हा वॉशर राहिला किंवा उलटा बसला तर पंखा गिअरकेसवर घासू शकतो.

शाफ्टवर मासेमारीच्या दोरीचे चार-दोन वेढे निघाले. त्या क्षणी ओंडक्यापेक्षा मला या दोरीचीच जास्त धास्ती वाटली. नायलॉनची दोरी शाफ्टवर गुंडाळत गुंडाळत आत सरकते आणि सील कापते. सील कापलं की गिअर तेलात पाणी शिरतं, आणि तेलात पाणी शिरलेल्या गिअरबॉक्सचं पुढं काय होतं ते कुणाला सांगायला नको.

म्हणून तेल काढलं. खालचा स्क्रू आणि वरचा हवेचा स्क्रू, दोन्ही उघडल्याशिवाय ते नीट उतरत नाही. पाणी मिसळलेलं तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसतं. माझं काळपट पण स्वच्छ निघालं. खालच्या स्क्रूच्या चुंबकावर करडी पेस्ट होती. बोटांत चोळली तर मऊ लागली, कण टोचले नाहीत. अशी बारीक पूड नेहमीच्या झिजेनं जमतेच. टोकदार कपचे निघाले असते तर गिअरचा दात गेला असं समजायचं. ते तेल काचेच्या बाटलीत भरून, वर तारीख लिहून ठेवलं. भाऊ हसला. पुढं व्यवहारात सगळ्यात जास्त कामाला आली ती हीच बाटली.

शाफ्ट वाकलाय का ते घरी ढोबळमानानंच कळतं. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्टच्या टोकाजवळ एक टोकदार पट्टी पक्की बांधली आणि शाफ्ट हळूहळू फिरवला. टोक आणि पट्टी यांच्यातली फट फिरताना कमी-जास्त झाली तर शाफ्ट वाकडा. डोळ्याला फरक दिसला नाही. पण इथली मर्यादा इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात, त्यामुळे डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. मेकॅनिककडून डायल गेजनं, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकानं, मोजून घेतलं आणि गिअरकेसमध्ये हवा भरून दाब टिकतो का तेही बघायला सांगितलं. दोन्हींत काही निघालं नाही. त्याच्याकडून तसं कागदावर लिहून घेतलं. तो जरा कुरकुरला, पण लिहून दिलं.

आता पंखा. त्याच्या मध्यात रबरी बुश दाबून बसवलेला असतो. पातं कशावर आपटलं की धक्का हा रबर खातो आणि गिअर वाचतात. मात्र मार जोरात असेल तर रबर आपल्या जागेवरून सुटतो; मग इंजिन ओरडतं आणि बोट पुढं जात नाही. याची परीक्षा सोपी आहे: आतल्या पितळी नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची, बोट जोरात चालवून आणायची आणि रेघ तुटली का ते बघायचं. माझी रेघ जुळलेलीच राहिली. म्हणजे दोष पात्यांपुरता होता. पात्याच्या पाठीवर, मुडपलेल्या कडेमागं, रंग उडून बारीक खड्डे पडले होते. बघायला येणारे त्याला गंज म्हणायचे. तो गंज नव्हे. वाकड्या कडेमुळे पाण्याचा दाब एका जागी इतका उतरतो की पाणी गार असूनही त्याची वाफ होते, आणि ते बुडबुडे फुटताना धातू कुरतडतात. पहिल्या दोघा-तिघांना मी हे समजावत बसलो, नंतर सोडून दिलं.

दुरुस्ती करावी की बदलावा? ॲल्युमिनियमचा पंखा तापवून, साच्यावर ठोकून सरळ करता येतो, उडालेला तुकडा वेल्डिंगनं भरता येतो आणि मग त्याचा तोल साधतात. पण तापवण्या-ठोकण्यानं धातू थोडा कमजोर होतोच, आणि माझ्या पंख्याला वेल्डिंगचा एक जुना वळ आधीच होता. त्यापेक्षा त्याच मापाचा, वापरलेला पण धडधाकट पंखा मिळवला. मापाचे दोन आकडे पंख्यावरच कोरलेले असतात: पहिला व्यास, दुसरा पीच, दोन्ही इंचात. पीच १३ म्हणजे एका फेऱ्यात पंखा, पाणी लोण्यासारखं घट्ट असतं तर, १३ इंच पुढं गेला असता. प्रत्यक्षात थोडा घसरतोच. स्टीलचा घे, वेग वाढेल, असंही एकानं सुचवलं. विकायच्या बोटीला तो खर्च कशाला? शिवाय ॲल्युमिनियम वाकून जो मार स्वतःवर घेतं, तो कडक स्टील बऱ्याचदा आत पोचवतं. स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या खाचांवर, ग्रीस लावून पंखा चढवला, नवी कॉटर पिन टाकली. स्केगला रंग लावला नाही.

जाहिरातीत सगळं लिहिलं: ओंडका लागला होता, जुना पंखा बदललाय, तो बोटीबरोबर मिळेल, शाफ्ट आणि सील तपासल्याचा कागद आहे. जुन्या पंख्याचा फोटो मुद्दाम जवळून काढून टाकला. फोन कमी आले हे खरं. एकानं बोट न बघताच "गिअरबॉक्स गेलेलाच असणार" म्हणून अर्ध्या किमतीला मागितली. एकाला चाचणीच्या नावाखाली मित्रांना फिरवून आणायचं होतं. त्यानंतर मी नियम केला: आधी किंमत ठरवायची, थोडी इसार रक्कम द्यायची, मगच पाण्यात. चाचणीत सांगितल्यापेक्षा वेगळं काही निघालं तर इसार परत.

ज्यानं घेतली तो तरुण आपल्या काकांना घेऊन आला. काका फारसं बोलले नाहीत. शाफ्ट धरून आत-बाहेर हलवला, स्केगवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "इंजिन चालू करू नका. खालचा स्क्रू जरा सैल करा." रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात पाणी शिरलं असेल तर ते तेलाखाली बसतं आणि स्क्रू सैल केला की आधी तेच टपकतं. टपकलं ते तेलच. मग मी बाटली पुढं केली. काकांनी ती उन्हात धरून बराच वेळ बघितली.

"हे कुणी ठेवायला सांगितलं?"

"कुणी नाही."

त्यानंतर आवाजात फरक पडला.

चाचणीत त्यांनी वेगापेक्षा टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर, जास्त लक्ष ठेवलं. माझ्या इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० आरपीएम लिहिलंय. दोन माणसं आणि अर्धी टाकी इंधन घेऊन काटा साडेपाच हजारांच्या पुढं स्थिरावला. मधल्या वेगाची थरथर गेली होती. काकांनी परत आल्यावर जुना पंखा चढवायला लावला, फरक अंगानं कळावा म्हणून. कटकट वाटली, पण त्यांचं बरोबर होतं. जुन्या पंख्यावर थरथर, नव्यावर नाही, म्हणजे दोष पंख्यातच. किंमत त्यांनी तरीही थोडी पाडली, खरवडलेल्या स्केगचं कारण देऊन. मी जास्त ताणलं नाही.

कागदपत्रांत दोन क्रमांक समोरासमोर पडताळले: ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीच्या, उजव्या बाजूला असलेला बोटीचा ओळख क्रमांक आणि इंजिनाच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा. विक्रीपत्रात 'जशी आहे तशी' लिहिलंच, पण खाली ओंडक्याचा प्रसंग, बदललेला पंखा आणि तपासणीची तारीखही घातली आणि दोघांनी सह्या केल्या. माहीत असलेला दोष लपवला तर 'जशी आहे तशी' हे शब्द बऱ्याच ठिकाणी विकणाऱ्याला वाचवत नाहीत. नोंदणी त्याच्या नावावर झाल्याचं कळेपर्यंत विमा चालू ठेवला, मग बंद केला.

पुढं एकदा त्या तरुणाचा फोन आला. बोटीत पाच जण बसवले की इंजिन पाच हजारांवर चढतच नाही, काही बिघडलंय का? काही बिघडलं नव्हतं, वजन वाढलं होतं. दोन इंच कमी पीचचा पंखा बघ म्हटलं. पीच एक इंचानं उतरला की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. आणि हलक्या फेऱ्यांसाठी आत्ताचा काढून टाकू नको. जुना, मुडपलेला पंखा मात्र त्यानं आधीच कुणाला तरी देऊन टाकला होता.