तुम्ही विचारलंत म्हणून: पिना कोलाडा का नाही?

कपाटात चौदा-पंधरा रम आहेत, अननस बाजारात आहे, नारळ तर आपल्या घरातून कधी संपत नाही. मग या तिघांचं गार पेय, पिना कोलाडा, का करत नाही? घरी येणारा दर तिसरा माणूस हे विचारतो. (बाईमाणूस असून रम कशी, हा प्रश्न वेगळा. त्याला उत्तर देणं मी केव्हाच सोडलं.)

आजवर मी तीन उत्तरं देत आले. पहिलं, नारळाचं गोड, घट्ट क्रीम इथे नीट मिळत नाही. हे खोटं आहे. नारळाचं पहिलं दूध साखरेबरोबर मंद आचेवर आटवलं की झकास काम होतं, मी स्वतः तेच करायचे. दुसरं, ते पर्यटकांचं पेय आहे. हे अर्धंच खरं. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या सॅन हुआनचं कॅरीब हिल्टन हॉटेल सांगतं की 1954 साली ते आमच्याकडे जन्मलं, म्हणजे पर्यटकांसाठीच की. पण 1978 साली पोर्तो रिकोने त्याला आपलं अधिकृत पेय केलं, तेव्हा नाक मुरडणारी मी कोण? तिसरं उत्तर, “खऱ्या रमवाल्याला ते चालत नाही.” हे वाक्य मी चारचौघांत म्हटलंय, आणि लोकांनी मान डोलावलीय.

गोडाचं मला वावडं नाही. व्हिक्टर बर्जरॉन या अमेरिकन बारवाल्याचं 1944 चं रमचं कॉकटेल, माय ताय, मी आनंदाने करते. 60 मिली मुरलेली रम, 30 लिंबाचा रस, 15 क्युरासाव (संत्र्याच्या सालीचं गोड मद्य), बदामाचा आणि साखरेचा पाक सात-सात. अननस त्यात नाहीच, हॉटेलवाले काहीही ओतोत. बदामाचा पाक घरी होतो, फक्त हात सवयीने वेलदोड्याच्या डब्याकडे जातो तो आवरायचा. आणि लिंबू आपलं कागदीच हवं, ती मोठी पिवळी नकोत. नवी रम आणली की आधी नुसती, दोन थेंब पाणी घालून. मग डायक्विरी: 60 रम, 25 लिंबू, 20 पाक, बर्फाबरोबर दणकून हलवायची. तीनच जिन्नस, त्यामुळे रमला लपायला जागा नाही. रम सुमार असेल तर ती लगेच उघडी पडते.

हे सगळं मी एकटी शिकले नाही. दादा होता.

आम्ही साखर कारखान्याच्या सावलीत वाढलो. गाळप सुरू झालं की वाळत घातलेल्या कपड्यांनाही मळीचा वास. पुढे पुण्यात कुणीतरी जमैकाची रम आणून दिली, मी बूच काढलं आणि पहिला फोन दादाला लावला: “अरे, कारखाना!” तो पुढच्याच शनिवारी हजर. वास घेऊन म्हणाला, “कारखाना नव्हे. फणस उतलाय, आणि तोही बरक्या.” मी नंतर वाचलं की तिथे काही भट्ट्यांमध्ये आंबवण मुद्दाम लांबवतात, जुन्या भट्टीचा उरलेला कढ त्यात घालतात, त्यातून तो पिकून गेलेल्या फळाचा वास येतो. दादाने न वाचता ओळखलं होतं. चार ग्लास डोळे मिटून दिले तर यातली मुरलेली कुठली आणि नुसता रंग चढवलेली कुठली, हे सांगायचा. असं नाक मी दुसरं पाहिलं नाही.

नाक होतं, पण थांबणं नव्हतं. शेवटी थांबला, खूप काही गमावून. मी सांगतेय त्या दिवशी त्याने पिणं सोडून चौदा महिने झाले होते.

मे महिना, भाच्याचं बारसं, माझ्याकडे. आदल्या रात्री मैत्रिणी आल्या होत्या, आठ जणींच्या हिशेबाने पिना कोलाडा केला आणि दोघी आल्याच नाहीत. उरलेला स्टीलच्या जगात, झाकण घालून फ्रीजमध्ये. वर चिठ्ठी नाही. सकाळी वहिनीने जग काढला, पांढरं आणि नारळाचं दिसलं, तिला वाटलं गोड सोलकढीचा काहीतरी प्रकार केलाय. तिने उन्हातून आलेल्या दादाला पेलाभर दिलं.

दादा रिकामा पेला घेऊन स्वयंपाकघरात आला. आत्या पुरणाशी बसलेली, काकू पाट मांडत होती. तो माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, “ह्यात काय आहे गं?”

मी त्याच्या हातातला पेला पाहिला. आत्याकडे पाहिलं.

“अननस,” मी म्हटलं. “अननस आणि नारळाचं दूध.”

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग पेला पुढे केला. “मग अजून दे.”

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी अर्धा पेला ओतला. पहिल्या पेल्यात 60, आता 30. नव्वद मिली रम. माप डोक्यात आपोआप होतं, त्याला मी काय करू?

पाव्हणे आल्यावर मी एक किस्सा हमखास सांगायचे: हॉलिवूडमध्ये डॉन द बीचकोंबर हा बारवाला ‘झोंबी’ नावाच्या त्याच्या रमच्या पेयाचे गिऱ्हाइकाला दोनच ग्लास द्यायचा, कारण फळांच्या रसात किती रम आहे ते पिणाऱ्याला उमगायचंच नाही. टाळ्या पडायच्या. नारळ तर त्याहून वस्ताद. त्याची साय जिभेवर बसते, गारव्याने वास दबतो, साखर उरलंसुरलं झाकते. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी जगावर चिठ्ठी नव्हती.

तीन आठवड्यांनी दादाने पुन्हा सुरू केली.

तेव्हाची मी म्हणायचे, त्याला कळलंच असणार. बरका आणि कापा वासावरून सांगणाऱ्या माणसाला रम कळत नाही? कळूनही पेला रिकामा केला, तर दोष माझा कसा? आजही कधीकधी हे मला पटतं. पण कळलं होतं तर त्याने विचारलं का? माझ्या तोंडून खरं ऐकायचं होतं म्हणून? मी “रम आहे” म्हटलं असतं तर त्याने पेला ठेवला असता? की तेव्हाही पुढेच केला असता? त्या दिवशी आत्या काय म्हणेल, एवढंच मला मोठं वाटलं. वहिनी आजवर एक अक्षर बोललेली नाही. बोलली असती तर मी भांडले तरी असते.

दादा आता परत थांबलाय, सव्वा वर्ष होईल. मी रम सोडली नाही. सोडावी असं काहींना वाटतं, मलाही कधी वाटतं, मग शुक्रवारी लिंबं पिळायला घेते. तो यायचा असला की कपाटाला कुलूप लावते. ते बघून तो हसतो. ते हसणं मला अजून उलगडलेलं नाही. फ्रीजमधल्या प्रत्येक बाटलीवर, अगदी कैरीच्या पन्ह्यावरही, आता ठळक अक्षरात चिठ्ठी असते.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने पुन्हा विचारलं. मी तिला जंगल बर्ड करून दिलं: काळी रम, अननसाचा रस, लिंबू, पाक आणि कंपारी हे कडूजार इटालियन मद्य. कडू आहे म्हणून पिणारा जपून पितो. तिने संपवलं, ओठ पुसले आणि म्हणाली, “छान आहे. पण नारळ हवा होता.”