कॅन्सस-ओक्लाहोमा: मंगळवार-बुधवारची वादळं

रविवार रात्र, विचिटा

वादळांचा पाठलाग करणाऱ्या मंडळींनो, नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरने (अमेरिकेचं वादळ-अंदाज केंद्र) मंगळवारी 'स्लाइट' म्हणजे थोडा धोका ठेवलाय, बुधवारी 15 टक्के. म्हणजे कुठल्याही ठिकाणापासून 40 किलोमीटरच्या आत मोठी गार, जोराचा वारा किंवा टोर्नेडो येण्याची शक्यता तेवढी. आकडा किरकोळ वाटतो, पण आज धरून चौथ्या दिवसासाठी तो सहजासहजी देत नाहीत.

केप (वर उठणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा) बघून नाचू नका. साडेतीन हजार ज्यूल दिसले की आपल्याकडे लगेच गाडीत पेट्रोल भरतात. माझं लक्ष ओलाव्यावर आहे. गेल्या आठवड्यातल्या थंड फ्रंटने मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा पार समुद्रात ढकलली, ती अजून पुरती परतलेली नाही. ओक्लाहोमा मेसोनेट (राज्यभरच्या हवामान केंद्रांचं जाळं) दर पाच मिनिटांनी आकडे देतं. आज संध्याकाळी आर्डमोरला दवबिंदू जेमतेम 14 अंश होता. मंगळवारी दुपारपर्यंत 18 झाला तर खेळ रंगेल.

दुसरी अडचण कॅपची, म्हणजे ढगांना वर उठू न देणाऱ्या झाकणाची. पश्चिमेच्या पठारांवरून आलेला उष्ण कोरडा थर दमट हवेवर बसलाय. 700 मिलिबारला (साधारण तीन किलोमीटर उंचीवर) 12 अंशांच्या आसपास तापमान असलं की मे महिन्यात ड्रायलाइनवर (कोरड्या आणि दमट हवेच्या सीमेवर) ढग उठतात आणि तिथेच विरतात, आपण रस्त्याकडेला सँडविच खात बसतो. कॅप फोडायला वरची द्रोणी (उंचावरचा कमी दाबाचा पट्टा) वेळेवर हवी. अमेरिकेचं जीएफएस हे संगणकी मॉडेल तिला दुपारीच आणतंय, युरोपियन मॉडेल रात्री. एचआरआरआर या बारकाव्याच्या, कमी पल्ल्याच्या मॉडेलची आज संध्याकाळी सातची रन 48 तासांची, म्हणजे मंगळवारी सातलाच संपते. ऐन मोक्याला पडदा!

वाऱ्याबद्दल मात्र तक्रार नाही. जमिनीलगत आग्नेयेचा, 500 मिलिबारला (साधारण साडेपाच किलोमीटरवर) नैर्ऋत्येचा 50 नॉट. होडोग्राफ (उंचीनुसार वारा कसा बदलतो त्याचा आलेख) छान वळलाय; ढग उठला तर सुपरसेलच (स्वतःभोवती फिरणारं मोठं वादळ) होणार.

मंगळवारी सकाळचं साउंडिंग (फुगा सोडून घेतलेली वरच्या हवेची मोजमापं) बघून ठरवीन. विचिटाहून फुगा सोडत नाहीत, त्यामुळे डॉज सिटी, टोपिका आणि नॉर्मन यांच्यावरून मधलं आपणच जुळवायचं. कॅप ढिली दिसली तर दुपारी कॅन्ससमधल्या प्रॅटला थांबेन: रस्ते चारही दिशांना आणि सपाट.

अंधार पडला की मी परत. रात्री खालच्या थरातला जेट (वेगवान वाऱ्याचा पट्टा) जोर धरतो आणि पावसात लपेटलेला टोर्नेडो दिसत नाही. 31 मे 2013 ला ओक्लाहोमातल्या एल रेनोत 4.2 किलोमीटर रुंदीच्या टोर्नेडोत टोर्नेडो-संशोधक टिम समारससारखा मुरलेला माणूस गेला, तोही दिवसाउजेडी. प्रॅटला कोणी येणार असेल तर मंगळवारी दहाच्या आत कळवा.