एका नावाच्या दोन कबरी

एका कुटुंबासाठी ब्रिटनमधल्या एका जुन्या दफनभूमीत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाची कबर शोधायची होती. जन्म १८९३, मृत्यू नोव्हेंबर १९२०. नावाचे तीन भाग, त्यातला मधला म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. त्यामुळे दुसराच कुणी त्याच नावाचा निघेल अशी शंकाही नव्हती. घराण्याचा दगड सापडला. वर वडिलांचं नाव, मृत्यू १९०९. त्याखाली आमच्या सैनिकाचं पूर्ण नाव, पुढे ‘मुलगा’, आणि सालाचे पहिले तीन आकडे: १, ८, ९. लढाईला गेलेला माणूस महायुद्धाच्या कितीतरी आधीच मेलेला! अंगावर काटा आला.

दगडावर शिशाची अक्षरं होती. अशी अक्षरं बसवताना दगडात उथळ खाच कोरतात, खाचेत बारीक भोकं पाडतात आणि शिसं ठोकून त्या भोकांत रुतवतात. दगड झिजला, पाणी आत गोठलं की शिसं सुटून पडतं. इथे सालाचा शेवटचा आकडा आणि वय दोन्ही गळले होते. पण भोकं राहतात, आणि आकडा त्यांच्या मांडणीवरून ओळखता येतो. १ ची भोकं एका उभ्या ओळीत येतात. ७ असेल तर वरच्या आडव्या रेघेतही दिसतात. इथे फक्त उभी ओळ होती. म्हणजे १८९१.

मजकुराची बाजू पूर्वेला, त्यामुळे दुपारनंतर दगड सावलीत गेला होता. अशा वेळी हातभर लांबीचा आरसा लागतो. तो समोर धरून उपयोग नाही. सोबत्याने बाजूला, दगडापासून थोडं लांब उन्हात उभं राहून उजेड दगडाला जवळजवळ घासत जाईल असा टाकायचा. आरसा जरा हलला की अक्षरं उमटतात, पुन्हा हलला की पुसली जातात. पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. खडू, पीठ, दाढीचा साबण, तारेचा ब्रश यांपैकी काहीही दगडाला लावू नये. खडू छिद्रांत बसतो, साबणातली आम्लं आत मुरतात आणि तारेने पृष्ठभागच निघून येतो. हात फिरवल्यावर वाळूसारखे कण पडत असतील तर पाणीसुद्धा नको. आणि दगडाला टेकायचं कधीच नाही. आतल्या लोखंडी खुंट्या गंजलेल्या असल्या तर तो कधी कोसळेल याचा नेम नसतो.

आरशाच्या त्या उजेडात दगडाच्या तळाशी, गवताच्या कडेला अक्षरांचे फक्त माथे दिसले. दगड खचला होता. व्यवस्थापकाची परवानगी घेऊन दोन बोटं माती हाताने सारली, तर तेच नाव पुन्हा वर आलं. तेच तीन भाग, साल १९२०.

उलगडा दफनाच्या नोंदवहीत होता. १८९१ मध्ये त्या कबरीत त्याच नावाचं दोन वर्षांचं मूल पुरलं होतं. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला द्यायची रीत त्या काळी सर्रास होती. नोंदवहीत कबर किती खोल खणली याचा रकाना असतो आणि तो बहुतेक जण वाचतच नाहीत. कबर तिघांसाठी खणलेली: तळाशी मूल, मग वडील, वरची जागा आईसाठी राखलेली. धाकट्याला तिथे जागाच नव्हती. त्याचं नाव त्या दगडावर आहे, तो मात्र त्याखाली नाही. घराण्याच्या दगडांवर हे फार आढळतं. फ्रान्समध्ये पडलेल्या, देहही न सापडलेल्या मुलांची नावं गावातल्या दगडांवर कोरलेली असतात आणि वंशज त्याच जागेला कबर समजतात.

याची उलट बाजूही आहे: देह खाली असतो, पण दगडावर नाव नसतं. अनोळखी सैनिकांच्या दगडांवर कोरायचे शब्द इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग यांनी सुचवले होते. त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. फ्रान्समधली एका अनोळखी लेफ्टनंटची कबर त्याचीच असल्याचं, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या युद्धकबर आयोगाने १९९२ मध्ये मान्य केलं, तेव्हा कुठे दगडावर त्याचं नाव आलं. वडील १९३६ मध्येच वारले होते.

नोंदवहीत त्याच नावाची दुसरी नोंद, म्हणजे आमच्या सैनिकाची, दफनभूमीच्या वेगळ्या विभागातली होती, वय २७. दगड नसलेल्या कबरी नकाशावर मोजत, दोन ओळखीच्या दगडांमधलं अंतर धरून त्या जागी पोहोचलो, तर पुढे नुसतं झुडूप. फांद्या बाजूला केल्यावर आयोगाचा पोर्टलंड चुनखडीचा पांढरा दगड दिसला. उंची सुमारे ८१ सेंटिमीटर, रुंदी ३८, माथा किंचित गोलसर, वर पलटणीचं चिन्ह. मृत्यू युद्धानंतर दोन वर्षांनी होऊनही हा दगड मिळाला, कारण पहिल्या महायुद्धासाठी आयोग ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हा काळ धरतो. सैन्यातून आधीच सुटलेल्या माणसाचं मरण मात्र युद्धसेवेमुळे आलेलं असावं लागतं.

कुटुंबाला दोन्ही दगडांचे फोटो, नोंदवहीतल्या दोन्ही ओळींच्या नकला आणि विभाग, रांग, क्रमांक लिहिलेला नकाशा पाठवला. त्यांच्या वंशावळीत दोघे भाऊ एकाच नावाखाली एक झाले होते. १८९१ मध्ये गेलेल्या थोरल्यासाठी आता तिथे वेगळी ओळ हवी, हेही कळवलं.