पिल्लू खात नाहीये, काय देऊ?

पावसाळा लागला की माझ्या फोनवर हा प्रश्न ठरलेला. "सर, घोयऱ्याचं पिल्लू सापडलंय. दोन दिवस झाले, तोंडच उघडत नाही. काय देऊ खायला?" मी सर्पमित्र. साप सोडून बाकी सरपटणारं जे काही कुणाच्या घरात निघेल, तेही आपोआप माझ्याच वाट्याला येतं. फोन कधी विजापूर रोडवरून येतो, कधी पूर्व भागातून. घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा, इंग्रजीत शॅमेलिऑन. सोलापुरात या प्राण्याला तीन नावं आहेत: मराठीत घोयरा, कानडी घरात गोसुंबे, तेलुगू घरात ऊसरवेल्ली. भीती मात्र तिन्ही भाषांत एकच. तो विषारी नाही, एवढं आधीच सांगून टाकतो.

तुम्ही 'काय देऊ' विचारता आणि मी उलट विचारतो, पाणी कशात ठेवलंय? उत्तर बहुतेक वेळा 'वाटीत' असंच येतं. वाटीतलं साचलेलं पाणी हे पाणी आहे, हेच त्याला सहसा कळत नाही. झाडावर राहणारा जीव तो, पानावरून ओघळणारा थेंब चाटतो. वाटी शेजारी भरलेली आणि पिल्लू तहानेनं सुकलेलं, असं मी कितीदा पाहिलंय. आणि तहानलेलं पिल्लू खात नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. सातवीत असताना घरामागच्या कडुनिंबावरून मी असंच एक पिल्लू काढलं होतं, माझ्या बोटाएवढं. चपलांच्या खोक्यात ठेवलं. टोमॅटोची फोड दिली, शेंगदाण्याचा कूट दिला, मग माश्या मारून मारून समोर मांडल्या. चौथ्या दिवशी ते मेलं. मेलेली माशी त्याच्या लेखी खडा असते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. हललं तरच ते भक्ष्य. एरवी त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरत असतात. किडा हलला की दोन्ही त्याच्यावर येऊन थांबतात, अंतराचा अंदाज होतो आणि मग अंगापेक्षा लांब जीभ सुटते. माझ्या खोक्यात हलणारी गोष्ट एकच होती, दर अर्ध्या तासानं झाकण उघडून डोकावणारा माझा चेहरा. त्या चेहऱ्यासमोर कोण जेवेल?

म्हणून घोयरा असेल तर माझं उत्तर लहान असतं. काहीच देऊ नका, ज्या झाडावरून आणलंत त्याच झाडावर नेऊन ठेवा. "त्याची आई शोधत असेल का?" असंही विचारतात. नाही शोधत. मादी जमिनीत खड्डा करून अंडी पुरते आणि निघून जाते. पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतःच्या जिवावर असतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोयरा घरात पाळताच येत नाही. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

विकत आणलेल्या परदेशी पिल्लाची गोष्ट वेगळी. होटगी रोडच्या एका मुलानं येमेनकडच्या जातीचं, डोक्यावर उंच तुरा असणारं, जेमतेम दोन महिन्यांचं पिल्लू आणलं होतं. वनविभागाकडे ऑनलाइन नोंदणीसुद्धा केलेली, पोरगं नियमाचं पक्कं. पण पिल्लू तीन दिवस उपाशी. मी गेलो तर काचेची पेटी, आत वाटी, आणि 'सोलापूरचं ऊन सोसणार नाही' म्हणून खोलीत एसी चालू! हेतू चांगला होता. पण या प्राण्याचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं. गारठलं की पचन मंदावतं आणि भूकही जाते. त्यात काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसत होतं. त्याच्या दृष्टीनं तो दिवसभर समोर उभा असलेला दुसरा नर. काळपट पडून कोपऱ्यात बसलं होतं बिचारं. रंग आजूबाजूशी जुळवायला बदलतो असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. खरं तर त्यात भीती, राग आणि ऊब-गारवा यांचाच हात जास्त.

आम्ही काच काढून जाळीचा पिंजरा केला, आत जास्वंदीची कुंडी ठेवली. मेडिकलमधून सलाईनची नळी आणून पाण्याच्या बाटलीला जोडली, पानावर थेंब-थेंब सोडला. पिल्लानं आधी एक डोळा फिरवला, मग दुसरा, आणि पंधरा मिनिटं नुसतं चाटत राहिलं. तोवर त्याची विष्ठा पाहिली होती. पांढरा असायला हवा तो भाग केशरी झालेला, म्हणजे अंगात पाणी कमी. सकाळी आठचं कोवळं ऊन अर्ध्या पिंजऱ्यावर, अर्ध्यावर सावली. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी कामाचं नाही. हाडांना लागणारे अतिनील किरण काच अडवते. आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या गच्चीवर पिंजरा ठेवलात, तर मग मला फोन करू नका.

खाणं सगळ्यात शेवटी. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आम्ही पिकल्या केळ्यावर चिलटं जमवली, बारीक नाकतोडे पकडले. तेही फवारणी झालेल्या डाळिंबाच्या बागेतले नव्हेत. पिंजऱ्यावर चादर टाकली, सोलापुरीच, आणि त्या मुलाला सांगितलं, दिवसभर आत बघायचं नाही. त्याला तेच सगळ्यात जड गेलं.

एवढं करूनही पिल्लू एक-दोन दिवसांत खायला लागलं नाही, डोळे खोल गेले, दिवसा मिटलेले राहिले, फांदी धरता येईना, तर थांबू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. बळजबरीनं तोंड उघडून काही भरवू नका. नाजूक जबडा दुखावतो.

होटगी रोडच्या पिल्लानं दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलं चिलट टिपलं. आता त्या घरी केळी आणली की आधी दोन सडायला बाजूला ठेवतात, आणि चिलटं स्वयंपाकघरात शिरली की त्या मुलाची आई मला फोन करते.