कातडीत किती खोल?

अंगावरच्या नक्षीचा धडा म्हटला की भिंतीवर जगाचा नकाशा लागतो आणि एकेका देशाचा एकेक फोटो. तिसऱ्या-चौथ्या फोटोला वर्ग फिदीफिदी हसतो, कुणीतरी ‘जंगली’ म्हणतं, झालं. नकाशा गुंडाळून ठेवा. फळ्यावर कातडीचा उभा छेद काढा आणि विचारा: रंग कुठवर जातो?

कातडीच्या वर राहणारा रंग सगळ्यांत सोपा. सातपुड्यातल्या होळीत अंगावर पांढरे ठिपके काढून, कमरेला भोपळे-घुंगरू बांधून नाचणारे बुध्या इथे येतात. धडगाव-अक्कलकुव्याकडचं पोर वर्गात असेल तर खडू त्याच्या हाती द्या. त्यातला नवस नि नियम त्याला तुमच्यापेक्षा ठाऊक असतात. शेजारी नामिबियातल्या हिंबा बायका मांडा: लोण्यात कालवलेली लाल माती.

वरच्या थरात मुरणारी ती मेंदी, आणि खरा तास हिच्यावर खर्च करा. चाळीस मुलांना 50 ग्रॅम शुद्ध पावडर पुरते. लिंबाच्या रसात दह्याएवढी घट्ट कालवा आणि झाका. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात चार तासांत रंग सुटतो. रात्रभर बाहेर राहिली तर उतरते, म्हणून सकाळीच भिजवा. प्रत्येकाच्या तळहातावर एक आणि मनगटाच्या वर एक, असे रुपयाएवढे दोन ठिपके. निम्म्या वर्गाने अर्ध्या तासात खरवडायचे, निम्म्याने दोन तासांनी. पाणी लावायचं नाही. त्या दिवशी रंग नारिंगी दिसतो, म्हणून मुलं हिरमुसतात. हवेने तो दुसऱ्या दिवशी गडद होतो. तळहात जास्त रंगतो, कारण तिथला मेलेल्या पेशींचा थर जाड. तो थर झडला की मेंदी गेली.

बाजारातली ‘काळी मेंदी’ वर्गात आणूच नका. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन असतं; फोड येतात आणि त्याची ॲलर्जी जन्मभर राहू शकते. जी-सिक्स-पीडी या, रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलाला साधी मेंदीही लावू नये, तांबड्या पेशी फुटू शकतात. पालकांची चिठ्ठी आदल्या दिवशीच घ्या.

आता गोंदण. सुई वरचा थर ओलांडून खाली जाते, काजळी तिथे अडकते, वरची कातडी कितीदा झडली तरी हलत नाही. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओट्झी नावाच्या गोठलेल्या प्राचीन माणसाच्या अंगावर 61 खुणा आहेत, सव्वापाच हजार वर्षांपूर्वीच्या. बऱ्याचशा कंबर, गुडघे, घोटे अशा दुखऱ्या जागी. न्यूझीलंडच्या माओरींच्या मोकोत, म्हणजे चेहऱ्यावरच्या गोंदणात, तर पूर्वी छिन्नीने चर पाडत, बोटाला लागतील असे. त्यात घराणं लिहिलेलं असतं. म्हणून मोको मुलांच्या गालावर रंगवण्याचा उपक्रम नको. दुसऱ्याचं आडनाव लावण्यासारखं ते होतं. रंगवायचंच असेल तर कागदावर हाताचा ठसा गिरवून स्वतःची खूण काढू द्या.

घरचा अभ्यास एवढाच: आजीला विचारा, कुठल्या वयात गोंदलं, कुणी, कुठल्या यात्रेत, सुया किती, नंतर काय लावलं. फोटो नाही, वहीत चित्र, तेही आजी हो म्हणाली तर. काही आज्यांना लहानपणी धरून बसवून गोंदलेलं असतं, त्या पदर ओढून घेतात. तेवढं पान कोरं आलं तरी गुण पूर्ण द्या.