सहा वेळा तीच नाव

कलारसग्रहणाच्या अभ्यासक्रमात मला एका छापचित्रावर लिहायचं होतं. मी हिरोशी योशिदा या जपानी चित्रकाराचं १९२६ सालचं शिडाच्या होड्यांचं चित्र घेतलं. पहिला मसुदा एका बैठकीत झाला. नाव म्हणजे जीवन, समुद्र म्हणजे संसार, पलीकडे पैलतीर. बाईंनी समासात एवढंच लिहिलं, 'हे चित्रात कुठे दिसतं?' मला उत्तर देता येईना. आपल्याकडे नाव दिसली की भवसागर आठवतोच, मी तोच तिथे नेऊन ठेवला होता.

मग चित्र अप्पांना दाखवलं. आमचे चुलत आजोबा, तरुणपणी गलबतावर होते. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि आधी पाणीच पाहिलं. "शिडाचं बिंब एवढं खालपर्यंत उतरलंय, म्हणजे वारा पडलाय. ही नाव कुठे पोचायच्या घाईत नाही गं." मी मात्र प्रवास, प्रवास असं पानभर लिहून बसले होते!

योशिदाने हे चित्र सहा प्रकारे छापलं: सकाळ, दुपारच्या आधीची वेळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र. मुख्य ठसे, म्हणजे छापायचे कोरलेले लाकडी ठोकळे, तेच; बदलले फक्त रंग. हे मी वाचलं होतं, पण पटलं ते हाताने करून पाहिल्यावर. सकाळ आणि रात्र एकाच मापात छापून घेतली, खिडकीच्या काचेवर धरली आणि सकाळच्या शिडाची कड ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने उतरवली. तो कागद रात्रीवर ठेवला. शीड शिडावर बसलं. सकाळी पिवळसर उजेडात न्हालेली तीच आकृती रात्री निळ्याकाळ्यात जड होऊन उभी होती. नाव जागची हललीच नव्हती, तिच्यावरून दिवस गेला होता.

हाच विषय त्याने १९२१ मध्ये वातानाबे या प्रकाशकासाठीही केला होता. ते ठसे १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेले. तरी त्याने तो पुन्हा कोरवून घेतला. पुढे भारतात आला तेव्हा वेरूळची लेणीही त्याने चित्रात आणली, हे कळल्यावर मला फारच आनंद झाला.

दुसऱ्या मसुद्यात मी शिडाच्या उभ्या आकारापासून सुरुवात केली आणि पैलतीर काढून टाकला. धुक्याच्या चित्राची प्रत अप्पांनी मागून घेतली. ती त्यांच्या पलंगाशेजारी लावली आहे.